चुलीवरच्या फळीवर नऊ दिवस

शरयू बी.एस्सी. होती, फिजिक्स घेऊन, पासष्ट टक्के. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं ऐकून लोक म्हणतात, बिचारी अडाणी असेल. अडाणीबिडाणी काही नव्हती. बुलढाण्याला कचेरीत कारकून असलेल्या वडिलांनी तिला अकोल्याला मावशीकडे ठेवून शिकवलं आणि शिकवून झाल्यावर जळगाव जामोदला देऊन टाकलं. जावई मुंबईकडे एका अणुकेंद्रात नोकरीला, सरकारी पगार, पुढेमागे राहायला क्वार्टर. क्वार्टर मिळेस्तोवर सुनेनं सासूसासऱ्यांजवळ राहावं असं ठरलं. त्या ठरण्याला दोन वर्षं होऊन गेली, क्वार्टरचा नंबर काही लागला नाही, आणि पासष्ट टक्केवाली शरयू दोन खोल्या, एक पडवी आणि एक स्वयंपाकघर एवढ्यात फिरत राहिली.

सासरे अनंतराव, घरात अण्णा. तहसिलीत नाझर, म्हणजे रोकड आणि दप्तर सांभाळणारे होते, आता पेन्शनीत. माणूस दुष्ट नव्हता, पण लेखी असेल तेवढंच खरं ही त्यांची जन्माची शिस्त. शेजाऱ्यानं शिडी मागितली तरी म्हणत, चिठ्ठी द्या. सासू अन्नपूर्णाबाई, म्हणजे माई, त्यांच्या अगदी उलट. कागदावर भरवसा नाही, कानावर सगळा. या दोघांच्या मधे एकुलता एक मुलगा मार्तंड वाढला. कागदाला भ्यायचं आणि लोकांच्या बोलण्यालाही भ्यायचं, असा दुहेरी धडा गिरवून.

मार्तंड डिप्लोमा झालेला मेकॅनिक, उष्णता मोजायच्या विभागात. वर्षातून दोनदा रजेवर यायचा तेव्हा त्याला बोलायला दुसरा विषय नसे, आणि तो विषय कळणारं माणूस घरात एकच. जिथं कुणाला जाता येत नाही तिथं किती तापलंय हे बाहेर बसून कळायला हवं, तो सांगे. त्यासाठी दोन वेगळ्या धातूंच्या तारा टोकाशी जोडून आत सोडतात. जोड तापला की तारेत इवलीशी वीज उठते, ती मोजली की उष्णता कळते. पण आत नुसती उष्णता नसते, किरणंही असतात. वर्षानुवर्षं किरणांत राहून तार आतून बदलते, आणि साडेतीनशे अंश असतील तिथं तीनशे तीस दाखवायला लागते.

“बिघडली तर कळतं गं,” तो म्हणायचा. “ही बिघडत नाही. ही खोटं बोलते आणि चेहरा सरळ ठेवते.”

त्याचे वरिष्ठ, ज्यांना तो नुसतं साहेब म्हणे, आता तारेऐवजी काचेचा धागा घालून पाहत होते. केसाएवढी बारीक काच. एका टोकातून उजेड सोडायचा, आतलं टोक जसं तापेल तसा परत येणारा उजेड बदलतो, त्यावरून उष्णता ओळखायची. तारेचं दुखणं उजेडाला नाही, अशी आशा. पण काच तरी कुठली सुटते? महिन्याभरात ती चहासारखी तपकिरी पडली आणि उजेडच गिळायला लागली. साहेब हट्टी. त्यांनी तपकिरी काच तापवून पाहिली, तर रंग बराचसा उतरला. शरयूनं हे सगळं पोळपाटावर हात थांबवून ऐकलं होतं. तिच्या लग्नातले सगळ्यात सुखाचे तास तेच. कुणाला पटो न पटो.

अठ्ठ्याहत्तरच्या मे महिन्यात अण्णांच्या छातीत कळ आली आणि माईंनी मुलाला तार करवली. तार हातात पडली तेव्हा मार्तंड काम संपवून बाहेर निघत होता. तो तसाच स्टेशनकडे धावला. नांदुऱ्याला उतरून एस.टी.त बसला, घाम पुसायला छातीशी हात गेला, तेव्हा हाताला बिल्ला लागला.

हा बिल्ला म्हणजे काय ते सांगायला हवं. आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर तो लावलेला असे, काडेपेटीएवढा. त्याच्या आत कागदात गुंडाळलेली फोटोची फिल्म. किरणं लागली की फिल्म काळी पडते. दर महिन्याला ती धुऊन पाहतात आणि कुणाला किती किरणं लागली ते मांडून ठेवतात. काम सुटलं की बिल्ला फाटकावरच्या खुंटीला अडकवायचा आणि मगच बाहेर पडायचं. घरी न्यायचा नाही, हा नियम सही घेऊन सांगितलेला. मार्तंडनं तो दीडशे कोस जळगाव जामोदला आणला होता.

अण्णांची कळ तिसऱ्या दिवशी ओसरली. वाताची होती, डॉक्टर म्हणाले. तोवर भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली होती. मार्तंडनं बिल्ला शरयूला दिला. देताना उघडून दाखवला, कारण दाखवल्याशिवाय त्याला राहवत नसे. फिल्मच्या पुढे धातूचे बारके तुकडे बसवलेले होते, एक तांब्याचा, एक शिशाचा, आणि एका कोपऱ्यात नुसती मोकळी खिडकी.

“जपून ठेव,” तो म्हणाला. “पाण्याचा थेंब लागला तर माझी नोकरी गेली समज.”

शरयूनं जपून ठेवला. दमट होऊ नये असं त्या घरात जे काही होतं, मीठ, काडेपेट्या, पापडाचा डबा, अण्णांची तपकीर, ते सगळं चुलीवरच्या फळीवर राही. सासरी आल्यावर माईंनी शिकवलेली पहिली गोष्ट हीच: जे जपायचं ते फळीवर. तिनं बिल्ला स्वच्छ फडक्यात बांधला आणि मिठाच्या बरणीला टेकवून ठेवला. त्यात भेटायला येणाऱ्यांचा चहा, कुरडयांचा चीक, अण्णांचं पथ्याचं पाणी. मे महिन्याचे नऊ दिवस ती चूल पहाटेपासून दुपार कलेपर्यंत विझली नाही.

आणि त्याच नऊ दिवसांत शरयूला दिवस गेले.

निघताना मार्तंडनं बिल्ला घेतला तेव्हा तो हाताला चांगला ऊन लागला. दोघांपैकी कुणाच्या डोक्यात काही आलं नाही. ज्याचा जन्म उष्णता मोजण्यात चालला होता त्यानं पाण्याबद्दल बजावलं आणि उष्णतेबद्दल एक अक्षर काढलं नाही. पासष्ट टक्केवालीलाही सुचलं नाही. फिल्म उष्णतेनंही काळी पडते हे तिनं एका उन्हाळ्यात मावसभावाच्या कॅमेऱ्याच्या रिळावर पाहिलेलं होतं, तरीही.

जुलैच्या सहा तारखेला मार्तंडचं पत्र आलं. पत्र आलं की अण्णा पडवीत बसून ते मोठ्यानं वाचत, तसं याही वेळी वाचलं, आणि तिसऱ्या ओळीला त्यांनी चष्मा काढून पुसला. मे महिन्याची मार्तंडची फिल्म काळीकुट्ट निघाली होती. चौकशी होईस्तोवर त्याला आत जायला मनाई होती, आणि तो सक्तीच्या रजेवर घरी येत होता.

“काळी म्हणजे?” माईंनी विचारलं.

“किरणं लागली. पुष्कळ.”

माईंनी काही आरडाओरडा केला नाही. त्यांनी बोटांवर महिने मोजले, आणि मग सुनेच्या पोटाकडे पाहिलं.

त्या पाहण्यापासून शरयूची कोंडी सुरू झाली. मार्तंड रविवारी आला, त्याच्या अगोदर त्याची खाट पडवीत गेली होती, ताट-तांब्या वेगळा निघाला होता, कपडे वेगळे भिजवायचे ठरलं होतं. शरयूचं अंथरूण माईंच्या खोलीत. गल्लीतल्या बायका दारावरून चौकशी करत, आत पाऊल टाकत नसत. मंगळवारी माई आणि अण्णा खामगावला जाऊन आले. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की या किरणांचं आपल्याला काही नक्की कळत नाही, पण जोखीम कशाला घ्यायची. पिशवी साफ करायची तर बारा आठवड्यांच्या आत यायला हवं. दिवस ठरला शनिवार, बावीस जुलै. शरयूला हे माईंनी भाजी निवडताना सांगितलं, पापड कधी लाटायचे ते सांगावं तसं.

वडिलांना तिनं आधीच कार्ड टाकलं होतं. त्यांचं उलटटपाली उत्तर आलं, की सासरची मंडळी वडीलधारी आहेत, ते म्हणतील तसं कर. नाही म्हणायचं तर म्हणता आलं असतं. पण नाही म्हणून जायचं कुठं?

त्या घरात नवराबायकोला चार शब्द बोलायला जागा नव्हती. त्याच मंगळवारी, माई-अण्णा खामगावला होते तेवढ्या वेळात ती मागच्या विहिरीवर त्याच्याशी बोलली. तो पोहरा ओढत होता, ती धुणं घेऊन उभी होती. कार्यालयानं काय विचारलं आणि त्यानं काय उत्तर दिलं, एवढंच तिला ऐकायचं होतं.

“मे महिन्यात बिल्ला कुठं होता ते लेखी मागितलं,” मार्तंड म्हणाला. “मी लिहून दिलं, फाटकावरच्या खुंटीवर होता. एक दिवसही हलला नाही.”

“आणि तो नऊ दिवस माझ्या मिठाजवळ होता.”

“हळू बोल.”

काळी फिल्म म्हटल्याबरोबर त्याला चूल आठवली होती. पण बिल्ला घरी नेला हे कबूल केलं तर नोकरी जाईल या धास्तीनं त्याची पाचावर धारण बसली, आणि त्यानं लिहून दिलं. आता कागदावर होतं की बिल्ला उष्णतेजवळ गेलाच नाही, म्हणजे काळेपणा किरणांचाच. आपल्या हातानं आपल्याच गळ्यात दोरी. उष्णता मोजायची तार किरणांनी खोटी पडते म्हणून हा माणूस वर्षानुवर्षं हळहळत होता, आणि इथं किरणं मोजायची फिल्म उष्णतेनं खोटी पडली, तर तिच्या खोट्यावर त्यानं सही ठोकली.

“मग आता खरं सांगा.”

“आता? आता तर खोटं लिहून दिल्याचंही येईल.” त्यानं पोहरा काठावर ठेवला. “लेकरू पुन्हा होईल, शरयू. नोकरी होणार नाही.”

हे वाक्य शरयू पुढे जन्मभर विसरली नाही. पण त्या क्षणी तिला त्याहून वाईट काहीतरी सुचलं होतं. चुलीच्या धगीनं फिल्म काळी झाली हे खरं. पण धगीच्या काळेपणाखाली किरणांचाही काळेपणा लपला असेल तर?

“इकडे यायच्या आधी तुम्ही किरणांच्या काही जास्त जवळ गेला होता का?”

मार्तंडनं विहिरीत पाहिलं. मेच्या पहिल्याच आठवड्यात एक तार अडकली होती. ती सोडवायला तो किरणं अडवणाऱ्या आडोशाच्या पुढे हात घालून उभा राहिला होता. पाच मिनिटं असतील.

“पाच की जास्त?”

“मोजली नाहीत.”

म्हणजे खरं काय ते त्यालाही ठाऊक नव्हतं. माईंना ठाऊक नाही, डॉक्टरांना नाही, नवऱ्याला नाही, आणि तिच्या पोटात जे होतं त्याला विचारायची सोय नाही. ती धुणं वाळत घालायला पडवीत आली. बाहेर पाऊस पुन्हा कोसळायला लागला होता, दोऱ्यांवर आधीचीच ओली लुगडी लोंबत होती, त्यांतून वाट काढत ती या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. जाण्यासारखी तेवढीच जागा होती.

मार्ग दाखवला तो चांगुणानं, आणि तिला स्वतःला त्याचा पत्ता नव्हता. चांगुणा भांड्याला यायची. उरलेला वेळ दुसऱ्याच्या शेतात निंदणीला. गल्लीतल्या बायका दारावरून परतत होत्या तेव्हा ही एकटी आत येत होती. मार्तंडचं वेगळं काढलेलं ताटही तिनं घासलं, आणि माई म्हणाल्या राख जास्त घे, तर म्हणाली, “राख तं घेतो माई, पर ताटाले काय रोग झाला?” बुधवारी सकाळी भांडी घासताना तिच्या हातावरच्या दोन बांगड्या पिचल्या. तिनं त्या उतरवून बाजूला ठेवल्या. मनगट उघडं पडलं. काळ्याभोर हातावर दोन फिकट वळी.

शरयू पाहत राहिली.

“काय पाहून राह्यल्या ताई? उनाचं हाय ते. सारा हात जळते, बांगडीखालचा तेवढा गोरा राह्यते.”

“आणि चांगुणा, ताप आला तर?”

“ताप आला तं सारंच आंग तपते. तो काय बांगडीले इचारून चढते?”

शरयू उठली आणि सरळ आत गेली. बिल्ल्यात फिल्मच्या पुढे तांबं आणि शिसं कशासाठी असतं ते तिला मार्तंडनं मेमधे दाखवलं होतं, आणि तिनं ते मान डोलावून सोडून दिलं होतं. किरणं म्हणजे ऊन. ती लागली असतील तर शिशाच्या तुकड्याखाली फिल्म उजळ राहिली असेल, बांगडीखालच्या चामडीसारखी. धग म्हणजे ताप. तिला शिसं दिसत नाही, तांबं दिसत नाही, तिनं फिल्म सगळी सारखीच काळी केली असेल. आणि दोन्ही लागलं असेल तर काळ्यात धातूच्या पुसट, उजळ सावल्या असतील. त्या किती पुसट, त्यावरून किरणं किती, ते निघेल. फिल्म अजून त्यांच्याजवळ आहे. कुणीतरी तिला खरा प्रश्न विचारायला हवा होता.

तिनं साहेबांना इंग्रजीत दीड पान पत्र लिहिलं. बिल्ला कसा आला, कुठं ठेवला, किती दिवस, चूल किती वेळ पेटलेली, सगळं. नवऱ्यानं खोटं का लिहिलं तेही. आपण किती दिवसांच्या गरोदर आहोत आणि बावीस तारखेला काय ठरलंय तेही, आडपडदा न ठेवता. शेवटी एकच विचारलं: फिल्मवर धातूच्या सावल्या आहेत का, आणि असतील तर किती ठळक?

नवऱ्याच्या पाठीमागे टाकायचं नाही एवढं तिनं ठरवलं होतं. मार्तंड पडवीत खाटेवर बसला होता. तिनं पत्र त्याच्या हातात दिलं. त्यानं वाचलं. वाचायला जेवढा वेळ लागायला हवा त्याहून जास्त लावला.

“हे टाकलंस तर मी त्या फाटकातून पुन्हा आत जात नाही.”

“आणि नाही टाकलं तर मी शनिवारी खामगावला जाते.”

तो उठला. तिला वाटलं, फाडतो आता. त्यानं पत्र तिच्या हातात परत दिलं आणि पडवीची खिडकी लावून घेतली. पाऊस आत येत होता.

तिनं छत्री उचलली आणि पोस्टात जाऊन पत्र रजिस्टर केलं. परत येते तो अण्णा दारात. त्यांनी विचारलं कुठं गेली होतीस, तर म्हणाली पोस्टात. त्यांनी पुढे विचारलं नाही. पावती मात्र मागून घेतली आणि आपल्या फायलीत लावली.

गुरुवारी पूर्णेला पूर आला. येरळीच्या पुलावरून पाणी गेलं आणि नांदुऱ्याकडची एस.टी. बंद पडली. रोज सकाळी शरयू काहीतरी निमित्त काढून पोस्टात जाई. तिथला माणूस तिला बघूनच मान हलवायला शिकला. टपालाची थैली पलीकडे गेली की अलीकडेच पडून आहे हे त्यालाही सांगता येत नव्हतं. शुक्रवार गेला, शनिवार गेला. आपलं पत्र नदीच्या या काठावर ओल्या गोणपाटात पडलंय असं तिच्या डोळ्यांपुढे येई. रविवारी पाणी उतरलं, एस.टी. सुरू झाली, आणि आता त्याचीच धास्ती, कारण खामगावचा रस्ता त्याच पुलावरून.

घरात सगळं ठरल्यासारखं चाललं होतं. माईंनी पिशवी भरायला घेतली: दोन जुनी लुगडी, तुपाची वाटी, सुंठीचे लाडू नंतर खायला. माई मुद्दाम छळत नव्हत्या, त्यांना खरंच वाटत होतं की आपण सुनेला वाचवतोय. त्यांनी लाडवांत डिंक जास्त घातला होता. रागवायलाही कुणी उरलं नव्हतं, हीच तर अडचण.

“तू शिकलेली आहेस,” त्या एकदा म्हणाल्या. “तुला तर हे आमच्यापेक्षा जास्त कळतं.”

शरयूनं तोंडात मिठाची गुळणी धरली. पत्राचं उत्तर येण्याअगोदर फळीचं सांगितलं असतं तर माईंनी ते सुनेचं नाटक समजलं असतं, आणि अण्णांनी विचारलं असतं, लेखी काय आहे? लेखी तर त्यांच्या मुलाची सही होती.

मार्तंड या सगळ्या दिवसांत तिच्याशी बोलला नाही. पत्र टाकू नको असंही पुन्हा म्हणाला नाही आणि बरं केलंस असंही नाही. वेगळ्या ताटात जेवत होता, जेवून ताट स्वतः उचलत होता.

शुक्रवारी, एकवीस तारखेला, दुपारी तारवाला आला. तार शरयूच्या नावाची होती, पण घरातली तार अण्णाच घेत. त्यांनी चष्मा लावला, सही केली, आणि इंग्रजी शब्द एकेक करून मराठीत सांगितले. काळेपणा उष्णतेचा. किरणं नेहमीइतकीच. काळजी नको. पत्र मागून.

“उष्णतेचा म्हणजे कसला?” अण्णांनी विचारलं.

तेव्हा शरयूनं पडवीत उभी राहून सगळं सांगितलं. बिल्ला, फडकं, मीठ, फळी, नऊ दिवस. मार्तंड खाली मान घालून ऐकत होता. माई स्वयंपाकघराच्या दारात आल्या होत्या, हातात पिशवीचा बंद.

“म्हणजे माझ्या फळीनं झालं हे?” त्या म्हणाल्या.

माईंचा मुळीच विश्वास बसला नव्हता. ही तार कुणीही केली असेल, त्या म्हणाल्या, इकडून कुणी शिकवून पाठवलं असेल. अण्णांनी तार पुन्हा वाचली. शिक्का पाहिला, तारीख पाहिली. उठून आत गेले, फाईल आणली, आणि तार शरयूच्या पोस्टाच्या पावतीला टाचून ठेवली.

“लेखी आहे,” ते म्हणाले.

एवढ्यावर खामगाव संपलं. माईंनी पिशवीतली लुगडी काढून दांडीवर टाकली. लाडू डब्यात भरले आणि डबा, सवयीनं, फळीवर ठेवला.

साहेबांचं पत्र दहा दिवसांनी आलं. त्या न मोजलेल्या पाच मिनिटांचं उत्तरही त्यात होतं: सावल्या होत्या, पण फार पुसट, दर महिन्याला असतात तेवढ्याच. फिल्म धुतली त्याच दिवशी धगीचा संशय आला होता, साहेबांनी लिहिलं, म्हणून तर बिल्ला कुठं होता ते विचारलं. मार्तंडनं तेव्हाच खरं सांगितलं असतं तर कडक समज देऊन प्रकरण मिटवलं असतं. पण तिथं एकाच्या लिहिण्यावर दुसऱ्याचा जीव असतो. खोटं लिहून देणारा माणूस, हात कितीही चांगला असला तरी, ठेवता येत नाही.

बिल्ला नेल्यानं नोकरी जाणार नव्हतीच. नोकरी गेली ती जाईल या भीतीनं केलेल्या सहीनं. हे मार्तंडनं वाचलं आणि पत्र घडी घालून शरयूला परत दिलं. गल्लीत सांगायला सोपं होतं ते हे, की सुनेनं पत्र लिहिलं आणि नवऱ्याची नोकरी घालवली. तेच सांगितलं गेलं, आणि मार्तंडनं ते कधी खोडून काढलं नाही.

फेब्रुवारीत मुलगी झाली. माईंनी आधी बोटं मोजली, हातांची आणि पायांची, आणि मग तोंड पाहिलं. वीस होती. त्या दिवसापासून ती नात माईंच्या मांडीवरून खाली उतरली नाही.

मार्तंडला गावातल्या कापसाच्या जिनिंगमधे काम मिळालं. सरकीचे ढीग लागतात तिथं. ढीग दाबून राहिला की आतून तापतो आणि कधी पेटतोही, म्हणून त्यात लोखंडी गज खुपसून ठेवायचा, घटकाभरानं उपसायचा आणि हाताला लावून पाहायचा. गज सोसवला नाही तर ढीग उपसायचा. ना तार, ना काच, ना उजेड. मार्तंडचा तळहात निबर झाला. घरी आला की हातपाय धुऊन मुलीला घ्यायचा आणि गप्प बसायचा. कामाचं एक अक्षर बोलत नसे. शरयूला मुलगी मिळाली, पण पोळपाटावर हात थांबवून ऐकायचे ते तास गेले, आणि घर तेवढंच राहिलं: दोन खोल्या, एक पडवी, स्वयंपाकघर. क्वार्टरची वाट पाहायचं तेवढं थांबलं. तिनं कधी पत्राचा पश्चात्ताप केला नाही. पण पश्चात्ताप नाही म्हणून माणूस मोकळं होतं, असं थोडंच आहे?

मुलगी तीन वर्षांची झाली तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी शरयू पोळ्या करत होती. मार्तंड दारात पाटावर बसून मुलीच्या हातातला गजाचा तुकडा काढून घेत होता. शरयूनं मागे न पाहता विचारलं, “साहेबांच्या त्या काचेच्या धाग्याचं पुढे काय झालं असेल हो?”

मागे पाट सरकला. तिला वाटलं, उठून गेला.

“तपकिरी पडला असेल,” मार्तंड म्हणाला.

शरयूनं पोळी उलटली.

“तापवला की उतरतो म्हणा रंग,” तो मुलीच्या मुठीतून गज सोडवत म्हणाला. “सगळा नाही.”

तिचा हात पोळपाटावर थांबला.